गाडीची पैसेवारी

(पांढरकवडा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी आली असेल. स्मृती व्याख्यानमालेत संतसाहित्य असतं, कापसाचा भाव असतो, राज्यघटना असते. आणि हा माणूस मोटारगाड्यांच्या सर्वेक्षणांवर बोलणार! पण ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, ते आम्हाला मॅट्रिकला गणित शिकवायचे. उत्तर बरोबर असलं तरी रीत नसेल, तर ते गुण देत नसत. वही परत करताना म्हणायचे, ‘उत्तर बरोबर आहे रे, पण आलं कुठून?’ पुढे मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. त्यात या एका प्रश्नापलीकडे फारसं काही नव्हतं. आज तोच प्रश्न मी गाड्यांना विचारणार आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि मिळालेल्या पैशातून गाडी घेतली. पेपरात पानभर जाहिरात होती: ग्राहकांच्या सर्वेक्षणात आपल्या गटात पहिली. पहिल्या क्रमांकाच्या डोक्यावर एक छोटी चांदणी होती आणि चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होता. विद्यार्थ्यांना तळटीप वाचायला शिकवणाऱ्या या मास्तराने ती वाचली नाही. दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात नागपूरहून इकडे येत होतो. वडकी मागे पडली आणि करंजीच्या अलीकडे गिअर पडेचना. एका ट्रॅक्टरवाल्याने ओढत नेऊन हायवेवरच्या गॅरेजसमोर सोडलं. पत्नी कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, मी उभा. मिस्त्री गाडीखाली गेला आणि तिथूनच त्याचा आवाज आला, ‘कोनं सांगतली सर तुमाले ही गाडी?’

मी म्हटलं, ‘सर्वेक्षणानं.’

थोडा वेळ पान्याचा आवाज. मग, ‘थो कोन? नागपूरचा हाय का?’

हा प्रश्न मी तेव्हापासून बाळगून आहे. कारण तो बरोबर आहे. सल्ला देणारा कोण, कुठला, त्याने किती गाड्या पाहिल्या, त्याला यात काय मिळतं, हे आपण शेजाऱ्याच्या बाबतीत विचारतो. छापील आकड्याच्या बाबतीत मात्र आपली जीभ टाळ्याला चिकटते.

आता माझ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला म्हणून ते सर्वेक्षण खोटं ठरलं का? नाही. माझी एक गाडी म्हणजे एक शीत. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात आणि ती परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध आहे. पण का? पातेल्यातला भात एकाच आधणात शिजलेला असतो, आच सगळ्यांना सारखी लागलेली असते, आणि शीत घेण्याआधी बाई पळीने तो खालीवर करते. हे ढवळणं म्हणजेच आमच्या संख्याशास्त्रातला यादृच्छिक नमुना. न ढवळता वरचंच शीत दाबून पाहिलं तर तळाशी करपलेलं कळत नाही. गाड्यांच्या सर्वेक्षणांबद्दलचा पहिला प्रश्न हाच: पातेलं ढवळलं होतं का?

न ढवळलेल्या पातेल्याची जगातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट १९३६ सालची आहे, आणि तिचा मोटारींशी संबंध आहे. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवून मत विचारलं. चोवीस लाखांच्या आसपास उत्तरं आली. एवढ्या ढिगाच्या जोरावर त्यांनी जाहीर केलं की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. घोटाळा कुठे झाला? पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात ज्यांच्या घरी फोन आणि दारात मोटार, त्यांचीच मतं गोळा झाली. वर, उत्तर पाठवायची तसदी घेणारे हेही त्यातले निवडक. चोवीस लाख शितं, पण सगळी वरच्या थरातली.

योगायोग असा की त्याच १९३६ साली अमेरिकेत ‘कन्झ्युमर्स युनियन’ ही ग्राहकांची संस्था स्थापन झाली. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे तिचं मासिक. १९५० च्या दशकापासून ही संस्था आपल्या वर्गणीदारांना विचारत आली आहे की गेल्या बारा महिन्यांत तुमच्या गाडीत काय बिघडलं. संस्था जाहिराती घेत नाही, चाचणीच्या गाड्या दुकानातून स्वतःच्या पैशाने विकत घेते. अलीकडच्या वर्षांत तिच्याकडे तीन लाखांहून जास्त गाड्यांची माहिती येते. जगात या विषयातलं सर्वांत प्रामाणिक काम कुणाचं, असं विचारलंत तर मी हेच नाव घेईन. तरीही लक्षात ठेवायचं की उत्तरं देणारे तिचे वर्गणीदार असतात. मासिक वाचून गाडी निवडणारा माणूस ऑइलही वेळेवर बदलतो. त्याच्या हातात टिकलेली गाडी माझ्या भाच्याच्या हातात टिकेल याची हमी नाही.

दुसरं मोठं नाव जे. डी. पॉवर. १९६८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही खासगी कंपनी. भारतात नव्या गाड्यांच्या तक्रारींचा तिचा अभ्यास १९९७ पासून सुरू झाला आणि तीनेक वर्षं वापरलेल्या गाड्यांचा २००८ पासून. तिचं माप असं: शंभर गाड्यांमागे किती तक्रारी. आकडा कमी तेवढी गाडी चांगली. ही कंपनी आपला सविस्तर अहवाल मोटार कंपन्यांनाच विकते, आणि पुरस्काराची मोहर जाहिरातीत वापरायची तर त्याचेही पैसे घेते. यात लपवाछपवी काही नाही, तो त्यांचा उघड धंदा आहे. पण घरात लग्नाची बोलणी चालू असताना मध्यस्थ कुणाच्या घरचा पाहुणा आहे, हे आपण विचारतोच ना?

भारतातल्या अशा पाहण्या मुख्यतः मोजक्या मोठ्या शहरांतल्या मालकांना विचारून होत आल्या. पुण्याचा, दिल्लीचा, हैदराबादचा मालक त्यात सापडतो. वणीच्या कोळशाच्या धुळीतून रोज जाणारा किंवा पाटणबोरीहून आदिलाबादला भाडं मारणारा सापडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. बॅटरीचं आयुष्य अशा उन्हाने घटतं, टायर तापतात, एसीच्या कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. पुण्यातल्या गाडीला तिसऱ्या वर्षी जे होतं, ते इथे दुसऱ्याच वर्षी होऊ शकतं. तेव्हा त्या मिस्त्रीच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, सर्वेक्षण इथलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं आणि शहरातलं ज्ञान झालं. म्हणून आपल्या तालुक्यात येतो. कागदोपत्री तालुका केळापूर, कचेरी पांढरकवड्यात. ही गंमत बाहेरच्या माणसाला नेहमी समजावून सांगावी लागते. या कचेरीतून दर खरिपात एक आकडा निघतो आणि त्यावर अख्खा तालुका डोळे लावून बसतो. पैसेवारी! आपले आजोबा आणेवारी म्हणायचे. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, मग सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर सवलती, वर गेली तर तोंडाला पानं. इथे बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी म्हटलं असेल, ‘अधिकारी डांबरी रस्त्यावरूनच पाहून गेला.’ रस्त्याकडेचं पीक हिरवं दिसतं, आतलं बोंडअळीने खाल्लेलं दिसत नाही.

गाड्यांचं सर्वेक्षण ही गाडीची नजर पैसेवारी आहे. फरक एवढाच की इथे नजर अधिकाऱ्याची नसते, मालकाची असते. आणि मालकाची नजर कशी असते? आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बारा लाख मोजून आणलेली गाडी वाईट निघाली हे मान्य करायला फार मोठं मन लागतं. उलट एकदा मन विटलं की काचेची कुरकुरही गुन्हा वाटते. पुन्हा, गेल्या बारा महिन्यांतलं आठवून सांगायचं! मार्चमध्ये बदललेला वायपर कुणाच्या लक्षात राहतो? सर्वेक्षण गाडी मोजत नाही, गाडीवाल्याची आठवण मोजतं. आठवणीला किंमत नाही असं मी म्हणत नाही, पण ती आठवणच आहे.

नजरेवर उपाय म्हणून आपल्याकडे पीक कापणी प्रयोग आले. यामागचा एक मोठा माणूस मराठी होता, आणि मराठी घरांत त्यांचं नाव जवळजवळ कुणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्म. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज कसा घ्यावा यावर त्यांनी काम केलं. पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. त्या काळात बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस पिकाचे अगदी छोटे तुकडे कापून अंदाज बांधत होते. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार छोटा घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण काय, तर दोरी टाकल्यावर बरोब्बर काठावर येणारी झाडं. आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत त्यांना आत ओढतो. तुकडा लहान असला की काठ तेवढाच मोठा, आणि चूकही तेवढीच मोठी. १९४६ साली हे ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं.

हे काठावरचं झाड मी तुम्हाला गाडीत दाखवतो. समजा प्रश्न आहे: ‘तुमच्या गाडीत काही बिघाड झाला का?’ आता पहिल्या सर्व्हिसिंगला दार थोडं घासत होतं, ते दुरुस्त करून दिलं. हा बिघाड की नाही? मोबाईल गाडीच्या पडद्याशी जोडला जात नाही. हा? ब्रेक दाबताना चूं आवाज येतो. हा? एक मालक सगळी झाडं आत धरेल, दुसरा सगळी बाहेर ठेवेल. जे. डी. पॉवरच्या हिशेबात ब्लूटूथ न जुळणं ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स जाणं हीही एकच तक्रार. त्यांच्या अमेरिकेतल्या २०२४ च्या अहवालात तीन वर्षांच्या गाड्यांची सरासरी शंभरामागे १९० तक्रारी होती, पहिल्या आलेल्या लेक्ससच्या १३५. म्हणजे सरासरी गाडीला दोनही नाहीत, आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा पडदा, फोन, आवाजी आज्ञा यांचा. करंजीच्या रस्त्यावर ज्याची गाडी थांबते त्याला या आकड्याचा उपयोग किती? उलट ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ मालकाला सांगते की खर्च, धोका, गाडी अडकून पडणं यांमुळे तुम्हाला जो बिघाड गंभीर वाटला तोच सांगा. बरं आहे. पण ‘वाटला’ हा शब्द तिथेही आहेच.

काठावरच्या झाडाचं एक नामी उदाहरण आपल्याच बाजारात होऊन गेलं. २०१९ साली टोयोटाने ‘ग्लान्झा’ आणली. ती मुळात मारुती सुझुकीची ‘बलेनो’च, गुजरातेत सुझुकीच्याच कारखान्यात तयार होणारी, पुढे चिन्ह तेवढं वेगळं. त्या वेळी बलेनोला वॉरंटी होती दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर. ग्लान्झाला तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. आता कल्पना करा, तिसऱ्या वर्षी दोघा मालकांच्या गाडीत तोच भाग गेला. एकाला फुकटात बदलून मिळाला, दुसऱ्याच्या खिशातून पैसे गेले. वर्षअखेर कुणी विचारलं की ‘गंभीर बिघाड झाला का’, तर दोघांचं उत्तर सारखं येईल का? लोखंड तेच, पण आठवण वेगळी.

असे जुळे भाऊ बरेच आहेत. पुण्याजवळ चाकणच्या एकाच कारखान्यातून फोक्सवॅगनची ‘व्हेन्टो’ आणि स्कोडाची ‘रॅपिड’ निघायची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात टोयोटा ‘कोरोला’ आणि जनरल मोटर्सची ‘प्रिझम’ एकाच पट्ट्यावर तयार होत. जुन्या बाजारात मात्र कोरोलाला जास्त भाव. नाशिकचीही एक गोष्ट आहे. महिंद्र आणि रेनॉल्ट यांनी मिळून २००७ साली तिथून ‘लोगन’ आणली. भागीदारी २०१० मध्ये सुटली, आणि पुढच्या वर्षी तीच गाडी ‘व्हेरिटो’ नाव लावून रस्त्यावर आली. कुळ तेच, नाव नवं. सर्वेक्षणातला माणूस उत्तर देताना नाव विसरू शकत नाही, ही अडचण आहे. ‘इंडिका’चं उलट झालं. १९९८ अखेरीस पुण्यात टाटांची ही गाडी आली, पहिल्या मालकांच्या तक्रारी आल्या, २००१ मध्ये सुधारलेली ‘व्ही-टू’ आली. गाडी सुधारली तरी लोकांच्या मनातली पहिली इंडिका लवकर गेली नाही.

आणि वस्तूपेक्षा नावावर जाणं हे फक्त गाड्यांचं नाही. ग्लेन डेव्हिस स्टोन नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ पलीकडे वरंगळ जिल्ह्यात कापसाच्या शेतकऱ्यांमध्ये बरीच वर्षं फिरले. २००७ मध्ये त्यांनी लिहिलं की एका वर्षी अख्खं गाव एकाच वाणावर तुटून पडतं, पुढच्या वर्षी दुसऱ्यावर, आणि शेजारच्या गावात तिसराच वाण. त्याला ना मातीचं कारण, ना उत्पन्नाचं. याने घेतलं म्हणून त्याने घेतलं. आपल्याकडे जूनमध्ये कृषी केंद्रासमोरची रांग ज्याने पाहिली आहे त्याला यात नवल वाटायचं नाही. अकोल्याचं आपलं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ नवा वाण शिफारस करण्याआधी काय करतं? अनेक ठिकाणी, तीनचार वर्षं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाफे वाटून, शेजारी जुना तुल्य वाण लावून पाहतं. गाडीच्या बाबतीत असा प्रयोग कुणी करत नाही, करणं परवडतही नाही. हजार गाड्या विकत घेऊन, हजार सारखे चालक बसवून पाच वर्षं कोण चालवणार? म्हणून मालकाला विचारणं आलं. सर्वेक्षण हा नाइलाज आहे, आणि नाइलाजाचा मान त्याला द्यायला हवा.

पण नाइलाजालाही हिशेब असतो. फळ्यावर लिहितो तसं समजा. ‘अ’ गाडीच्या १०० मालकांना विचारलं, २० जण म्हणाले बिघडली. ‘ब’च्या १०० मालकांपैकी २८ जण म्हणाले. पेपर छापेल: अ पहिली, ब सातवी. प्रत्यक्षात दोन्ही गाड्या हुबेहूब सारख्या असल्या तरी असा एवढा फरक निव्वळ योगायोगाने पाच-सहा वेळांतून एकदा पडतो. तेच प्रमाण चारशे-चारशे मालकांत आलं, तर योगायोग शंभरात एकदाही मुश्किलीने तग धरतो. म्हणून क्रमांक पाहू नका, प्रत्येक गाडीचे किती मालक विचारले ते पाहा. माझ्या जाहिरातीच्या तळटिपेत तो आकडा नव्हता. नंतर भिंग घेऊन पाहिलं.

आकडा सरळ खोटाही असू शकतो. जर्मनीत एडॅक हा वाहनचालकांचा प्रचंड मोठा क्लब आहे, लोकांचा देवासारखा विश्वास त्यावर. ‘लोकांची आवडती गाडी’ असा त्यांचा पुरस्कार असे. जानेवारी २०१४ मध्ये उघडकीस आलं की पहिल्या आलेल्या फोक्सवॅगन गोल्फला मतं पडली होती ३,४०९ आणि जाहीर केली होती ३४,२९९. क्लबच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. याच क्लबकडे दुसरी एक वही आहे, रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीची; १९७८ पासून ते त्यावर आकडेवारी काढतात. ती पुष्कळ बरी, कारण तिथे आठवण नाही, फोन आला तेव्हाची नोंद आहे. तरी तिच्यातही एक भोक आहे: ज्या कंपनीची स्वतःची मदतगाडी येते तिच्या गाड्या या वहीत कमी दिसतात.

वहीवरून आठवलं. गिअरबॉक्स उतरत होता तेव्हा मी त्या मिस्त्रीची वही मागून घेतली. म्हटलं, हा खरा माहितीसाठा! लाल कापडी बांधणीची, ग्रीसचे अंगठे उमटलेली. पान उघडलं. ‘डॉक्टरसाहेब, क्लचप्लेट, बाकी ८००.’ ‘पंपावाले, बॅटरी.’ ‘मास्तर रुंझा, सायलेन्सर, दिले.’ पानामागून पानं. कंपनीचं नाव नाही, गाडीचं साल नाही, किलोमीटर नाहीत. मी विचारलं, ‘अरे, गाडी कोणती ते का लिहीत नाहीस?’ तो म्हणाला, ‘पैसे गाडी देते का सर?’

वही उधारीची होती, म्हणून तीत माणसं होती. जो प्रश्न मनात धरून वही ठेवली त्याचंच उत्तर वही देते. आणि त्याने गाड्यांची नावं लिहिली असती तरी माझं काम झालं नसतं. आपल्या रस्त्यावर जी जीप सर्वांत जास्त धावते तीच त्याच्याकडे सर्वांत जास्त येणार. वर अंश आहे, खाली छेद नाही. ‘गॅरेजवाला सांगतो ती गाडी सारखी येते’ हा आपल्या गावातला सर्वांत वजनदार सल्ला, आणि त्याला छेद नसतो! शिवाय वॉरंटीतल्या गाड्या त्याच्याकडे फारशा येत नाहीत, त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. म्हणून नव्या गाड्या त्याला नेहमी चांगल्या वाटतात.

एवढं सगळं बोलून मी सर्वेक्षणं चुलीत घाला म्हणतोय असं वाटेल. तसं नाही. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने ऑगस्ट २०१५ मध्ये टेस्लाच्या एका गाडीला रस्त्यावरच्या चाचणीत शंभरपैकी १०३ गुण दिले, मोजपट्टीच तुटली म्हणाले. दोन महिन्यांनी सुमारे १,४०० मालकांची उत्तरं मोजली, बिघाड जास्त निघाले, आणि त्यांनी आपली शिफारस काढून घेतली. गंमत म्हणजे त्याच मालकांपैकी ९७ टक्के म्हणाले की पुन्हा हीच गाडी घेऊ. म्हणजे प्रश्न नीट विचारला तर प्रेमात पडलेला माणूसही खरं सांगतो. टोयोटाच्या नव्या गाड्यांना ते पूर्वी नावावरच चांगला शेरा देत. २००७ मध्ये काही मॉडेलं सर्वेक्षणात घसरल्यावर ती सवलत बंद केली. आपल्या लाडक्याला नापास करणारं सर्वेक्षण माझ्या लेखी विश्वासाचं.

पण उत्तम सर्वेक्षणालाही जे दिसत नाही ते दिसत नाही. ‘टवेरा’ आठवते? लग्नाची वऱ्हाडं, माहूरच्या सहली, नागपूरच्या दवाखान्याच्या फेऱ्या, मालक खूश. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या, २००५ पासूनच्या. दोष धुराच्या मर्यादेचा होता. दोन वर्षांनी फोक्सवॅगनने भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास डिझेल गाड्यांची दुरुस्ती मान्य केली. फोक्सवॅगनचा दोष इथे पकडला पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेतल्या यंत्रांनी, गाडी चालवणाऱ्या एकाही माणसाला त्याचा पत्ता लागला नसता. जे नाकाला लागत नाही, कानाला ऐकू येत नाही, त्याबद्दल मालकाला विचारून काय उपयोग?

मग खात्रीची वही कुठे आहे? ती आहे, आणि ती सरकारकडे आहे. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणीला न्यावी लागते. कोणतं मॉडेल, किती किलोमीटर, पास की नापास, नापास तर कशात, हे सगळं तिथलं सरकार मालकाचं नाव वगळून लोकांसाठी खुलं करतं. तपासणीत ब्रेक, दिवे, टायर, गंज अशा गोष्टी येतात, गिअरबॉक्स येत नाही. तरी अंशाखाली छेद असतो. आपल्याकडे टॅक्सी, काळीपिवळी, ट्रक, स्कूलबस यांना फिटनेस प्रमाणपत्र लागतं: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. एमएच-२९ची अशी किती वाहनं यवतमाळला आजवर तपासून निघाली असतील! त्या कागदांत विदर्भाचं ऊन आहे, धूळ आहे, खड्डे आहेत. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने ११०-क हे नवं कलम घातलं. १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचे नियम लागू झाले, आणि सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार मालकाला थेट सरकारकडे नोंदवता येते. तिथे तक्रारी पुरेशा जमल्या तर कंपनीवर कारवाई होते.

माझं मागणं एवढंच आहे. फिटनेसचे निकाल मॉडेल, साल आणि किलोमीटरसकट, मालकाचं नाव गाळून, जिल्हावार जाहीर करा. पैसेवारी जाहीर होते तशी. कमी-जास्त होईल, भांडणं होतील, काठावरच्या झाडांवरून वाद होतील; होऊ देत. या सभागृहात शिक्षक आहेत, वकील आहेत, ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते आहेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आणि तुमची गाडी बिघडली तर शेजाऱ्याला सांगाच, पण ती तक्रार सरकारी संकेतस्थळावरही नोंदवा, गाडीच्या किलोमीटरसकट.

माझी गाडी अजून आहे. गिअरबॉक्स त्यानंतर पुन्हा गेला नाही; आजही तिनेच आलो. अकरा वर्षांत एकाही सर्वेक्षणवाल्याने मला फोन केलेला नाही.